धारण, संस्कार आणि स्मरणाचे दायित्व

१

सातारा जिल्ह्याच्या कऱ्हाड तालुक्यात, तारळी नदी कृष्णेला मिळते तेथे उंब्रज हे गाव आहे. पुणे-बेंगळूरु महामार्गाने जाणाऱ्याला ते वाटेवरचा एक थांबा म्हणून ठाऊक असते. समर्थ संप्रदायाच्या परंपरेत ते अकरा मारुतींपैकी एकाचे स्थान आहे. चाफळहून समर्थ कृष्णास्नानासाठी येथे येत, अशी आख्यायिका सांगितली जाते. सतराव्या शतकाच्या मध्याला स्थापन झालेल्या या मारुतींची स्थाने आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. ती सर्व न पाहिलेली माणसेही त्यांची नावे न अडखळता सांगतात, याचे कारण वेणाबाईंच्या नावावर असलेला एक छोटासा अभंग होय. त्यात अकरा मारुतींची यादी आहे.

ही यादी वाङ्मयीन दृष्ट्या फारशी मोलाची मानली जात नाही. तिच्यात प्रतिमा नाही, भावनेची उत्कटता नाही. आहेत ती केवळ गावांची नावे आणि क्रमांक. परंतु मानवी स्मृतीच्या स्वरूपाविषयी विचार करणाऱ्याला तिची रचना उद्बोधक वाटावी अशी आहे. रूढ पाठात चाफळचे दोन मारुती एकत्र येतात, मग उंब्रजचा एक, आणि पारगावला पोचताच 'चौथा' असा क्रमांक उच्चारला जातो. तेथून पुढे मसूर, शहापूर, शिराळे, शिंगणवाडी, मनपाडळे, माजगाव आणि बहे यांपैकी प्रत्येक नाव आपला क्रमांक बरोबर घेऊनच येते. म्हणणाऱ्याला किती झाले आणि किती उरले हे मनात मोजावे लागत नाही; मोजणीचे काम अभंगानेच आपल्याकडे घेतलेले आहे.

त्याहून लक्षणीय गोष्ट क्रमाची. चाफळ आणि उंब्रज ही शेजारची गावे. पण उंब्रजनंतर यादी एकदम दक्षिणेला कोल्हापूर जिल्ह्यातील पारगावी जाते आणि लगेच उंब्रजच्या जवळच्या मसुराला परतते. चाफळच्या परिसरातील शिंगणवाडी आठवी येते, माजगाव दहावे. अकरा मारुतींचे दर्शन घेत निघालेला कोणीही यात्रेकरू या क्रमाने जाणार नाही. हा क्रम चालणाऱ्याचा नसून म्हणणाऱ्याचा आहे. उंब्रजच्या शेजारी पारगाव आले आहे ते यमकाच्या आणि अक्षरसंख्येच्या सोयीने. भूगोलाला बाजूला सारून नादाने गावांची नवी मांडणी केली आणि तीच टिकली.

यातून दोन प्रश्न उद्भवतात. ज्याच्या ओठांवर ही यादी आहे त्याला उंब्रज 'आठवते' असे म्हणता येईल काय? आणि जे आठवत नाही त्याची जबाबदारी कोणाची? पहिला प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे, दुसरा नीतीचा. अल्पकालिक आणि दीर्घकालिक स्मृती यांच्यातील भेद नीट लक्षात घेतला तर हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असे दिसते.

२

आधुनिक मानसशास्त्राने हा भेद प्रथम परिमाणाच्या भाषेत मांडला. विल्यम जेम्सने १८९० मध्ये प्राथमिक आणि दुय्यम स्मृती असा फरक केला होता. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये दाखवले की, एकदा ऐकून लगेच म्हणून दाखवावयाचे घटक सुमारे सातांच्या आसपास थांबतात. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवनने, मनातल्या मनातील घोकणी आणि गटबांधणी वगळली तर ही मर्यादा चारांच्या आसपास येते, असे प्रतिपादिले. अवधीही तितकाच तुटपुंजा. १९५९ मधील पीटरसन दांपत्याच्या प्रयोगात केवळ तीन व्यंजने लक्षात ठेवावयाची होती. पण मधल्या काळात तीन-तीनने उलटे अंक मोजावयास लावल्यावर अठराएक सेकंदांत ती बहुतेक पुसली गेली. ॲलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. शाब्दिक धारणेची मर्यादा शब्दांच्या संख्येवर अवलंबून नसते, तर उच्चाराला लागणाऱ्या वेळावर असते: सुमारे दोन सेकंदांत जेवढे म्हणता येईल तेवढे मन धरून ठेवते.

मिलरचे प्रतिपादन बहुधा अर्धेच उद्धृत केले जाते. सात या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्याचे दुसरे निरीक्षण: घटक कशाला म्हणावयाचे हे मन स्वतः ठरवते. सुटी अक्षरे जोडून शब्द, शब्द जोडून चरण, चरण जोडून कडवे असे मोठमोठे गट बांधता येतात आणि मर्यादा सुट्या अक्षरांऐवजी गटांना लागू होते. अकरा मारुतींची यादी कोणत्याही हिशेबाने या मर्यादेबाहेरची आहे. अभंगाच्या साच्यात ती चार-पाच गटांत बसते. 'मनाच्या श्लोकां'तील भुजंगप्रयाताचा चरण बारा अक्षरांचा, तीन-तीन अक्षरांच्या चार गणांचा. सहज म्हणताना तो दोन-तीन सेकंदांपलीकडे जात नाही. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'त ज्या आकृतिबंधांचे वर्गीकरण आढळते, त्यांपैकी पाठांतराच्या परंपरेत रुळलेल्या कित्येकांचा एकक मनाच्या या तात्कालिक पकडीशी जुळणारा आहे, असे मानावयास जागा आहे. फ्रेडरिक टर्नर आणि अर्न्स्ट प्योपेल यांनी १९८३ मध्ये असाच विचार अनेक भाषांतील कवितेच्या ओळींबाबत मांडला होता. त्यांच्या सार्वत्रिक दाव्याबद्दल शंका घेता येते. वृत्त म्हणजे अलंकरण नसून धारणेचे साधन आहे, हा त्यातील गाभा मात्र स्वीकारण्याजोगा आहे.

तथापि परिमाणाचा भेद हा खरा भेद नव्हे. तो किती खोल आहे हे हेन्री मोलायसन या अमेरिकन रुग्णाच्या शोकांतिकेने उघड केले. अपस्मारावरील उपाय म्हणून १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या कुंभखंडांचा आतील भाग काढून टाकला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या पंचावन्न वर्षांत त्याला नवा प्रसंग लक्षात ठेवता आला नाही. संभाषण तो व्यवस्थित करी, ऐकलेले अंक सामान्य माणसासारखे म्हणून दाखवी. पण लक्ष विचलित झाले की सारे नाहीसे होई. ब्रेंडा मिल्नर यांनी नोंदवलेला एक प्रसंग विलक्षण आहे. त्याला ५८४ ही संख्या लक्षात ठेवण्यास सांगितले होते. आठ लक्षात ठेवायचा. तिन्ही अंकांची बेरीज सतरा. त्यातून आठ वजा केले की नऊ. नवाचे दोन भाग पाच आणि चार. अशी साखळी रचून त्याने ती पंधरा मिनिटे धरून ठेवली. विषय बदलला आणि मिनिटभरात संख्या तर गेलीच, पण साखळी रचल्याचेही त्याला आठवेना. वेणाबाईंच्या यादीतील क्रमांक आणि मोलायसनची ही साखळी या एकाच जातीच्या युक्त्या आहेत. एक शतकानुशतके टिकली. दुसरी तिच्या कर्त्यापुरतीही उरली नाही.

याच्या अगदी उलट प्रकारचा रुग्ण एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी १९६९ मध्ये वर्णन केला. त्याला ऐकलेले एक-दोन अंकही धड म्हणून दाखवता येत नसत. पण नव्या गोष्टी दीर्घकाळ लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती शाबूत होती. ओसरीवर आलेली वस्तू पुढे माजघरात जाते, हे दोन स्मृतींचे लोकप्रिय चित्र या रुग्णापुढे टिकत नाही. येथे ओसरी जवळजवळ बंद आणि माजघर भरते आहे. एरिक कँडेल यांच्या समुद्री गोगलगायीवरील संशोधनाने पेशींच्या पातळीवरही हाच निष्कर्ष पुढे आणला. अल्पकालिक बदलात असलेल्या जोडण्यांचे कार्य तात्पुरते तीव्र होते. दीर्घकालिक बदलासाठी नवी प्रथिने घडावी लागतात, नव्या जोडण्या उगवाव्या लागतात. म्हणजे पहिल्या प्रकारात मन काहीतरी धरते, दुसऱ्यात ते स्वतः बदलते.

३

भारतीय दर्शनांना हा भेद अपरिचित नव्हता. न्यायमतानुसार ज्ञान क्षणिक आहे. उत्पन्न होते, राहते आणि तिसऱ्या क्षणी नष्ट होते. मागे राहतो तो 'भावना' नावाचा संस्कार. संस्कार म्हणजे साठवलेले ज्ञान नव्हे. तो स्वतः कधी जाणवत नाही. योग्य उद्बोधक मिळाला की त्यापासून स्मृती उत्पन्न होते. कोठाराच्या रूपकात अडकलेल्या पाश्चात्त्य मानसशास्त्राला ज्या कल्पनेकडे वळसा घालून यावे लागले, ती येथे आरंभापासूनच आहे: दीर्घकालिक स्मृती ही वस्तू नसून प्रवणता आहे.

अल्पकालिक धारणेचा प्रश्न भारतीय विचारवंतांना भेटला तो भाषेच्या संदर्भात. शब्दातील वर्ण एकामागून एक उच्चारले जातात. दुसरा येतो तेव्हा पहिला संपलेला असतो. मग शब्द नावाची एकसंध गोष्ट केव्हा असते? पूर्ववर्णांच्या संस्कारांसहित अंत्य वर्ण अर्थ सांगतो, असे शबराचे उत्तर. भर्तृहरीच्या परंपरेने अखंड स्फोटाची कल्पना मांडून हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. वाक्यार्थासाठी आकांक्षा आणि योग्यता यांच्या जोडीला 'संनिधी'ही हवा, म्हणजे पदांचा उच्चार विलंबाविना झाला पाहिजे, हा नियमही याच जाणिवेतून आला. सकाळी एक पद आणि संध्याकाळी दुसरे उच्चारले तर वाक्य होत नाही. पश्चिमेत हुसर्लने धारणा आणि प्रत्याह्वान यांत केलेला फरक याला समांतर आहे: सूर ऐकताना नुकताच सरलेला स्वर हा अजून वर्तमानाचाच भाग असतो, तर काल ऐकलेले गाणे आठवणे ही संपूर्णपणे निराळी कृती होय.

साहित्यविचाराला याचा परिणाम टाळता येत नाही. कथानक स्मृतीत सहज मावेल एवढेच दीर्घ असावे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. मर्ढेकर संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा विचार करतात. चार ओळींच्या कवितेतील लय प्रत्यक्ष जाणवते, कारण पहिली ओळ चौथीपर्यंत मनात जिवंत असते. चारशे पानांच्या कादंबरीतील लय मात्र त्या अर्थाने जाणवूच शकत नाही. पहिले प्रकरण तोवर संस्कार होऊन गेलेले असते. दोन्हींना 'लय' हे एकच नाव देताना समीक्षा बहुधा हा फरक विसरते. कवितेची लय अनुभवाची असते. कादंबरीची लय ही वाचकाने आपल्या बदललेल्या मनातून पुन्हा रचलेली असते.

४

येथे एक विरोधाभास समोर येतो. धारण प्रामाणिक असते, पण अल्पायुषी. संस्कार दीर्घायुषी असतो, पण प्रामाणिक नसतो. आताच ऐकलेले वाक्य माणूस शब्दशः म्हणून दाखवतो. तासाभराने त्याच्याजवळ आशय उरतो आणि तोही त्याच्या कलाने वळलेला. फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ च्या ग्रंथात हे दाखवले. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांना पुनःपुन्हा सांगावयास लावली, तेव्हा तिच्यातील अनोळखी तपशील गळत गेले आणि कथा सांगणाऱ्याच्या संस्कृतीला पटेल अशी सरळ होत गेली. करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवले की, आठवण जागी होताच ती पुन्हा अस्थिर होते आणि तिला पुन्हा स्थिर व्हावे लागते. म्हणजे आठवणे हीच बदलण्याची संधी होय. नैयायिकांनी स्मृतीला प्रमा मानले नाही, आणि जयन्तभट्टाने तर ती अर्थापासून उत्पन्न होत नाही हेच त्याचे कारण सांगितले. या सावधगिरीला प्रयोगशाळेचा दुजोरा मिळाल्यासारखे झाले.

वृत्तबद्ध पाठांतर हा या विरोधाभासातून काढलेला मार्ग आहे. धारणेचा प्रामाणिकपणा आणि संस्काराचे दीर्घायुष्य ही दोन्ही एकत्र साधण्याचा तो प्रयत्न आहे. चरण दोन-तीन सेकंदांत मावतो, यमक पुढच्या शब्दाची वाट अरुंद करते, क्रमांक चुकलेले लगेच पकडतात. उंब्रजचे नाव यादीत गाळले तर पारगाव चौथे ठरत नाही. मोजणी स्वतःच तक्रार करते. एवढ्या पहाऱ्यात बार्टलेटची सुधारणा शिरण्यास जागा फारशी उरत नाही.

परंतु या मार्गाची किंमत द्यावी लागते. जे हुबेहूब टिकले ते अर्थाने रिते होत जाण्याची शक्यता त्यातच आहे. यादी म्हणणाऱ्याला उंब्रज 'चौथ्याच्या आधीचे' म्हणून ठाऊक असते. संगम, नदीचा घाट, तेथे स्नानाला येणारा साधू, यांपैकी काहीच यादीत नाही. घोकंपट्टीवरील आक्षेप नेमका हाच असतो. त्यात तथ्य आहे. पण तो अपुरा आहे. अर्थ न कळता पाठ केलेला श्लोक कित्येक वर्षांनी एखाद्या प्रसंगी अकस्मात अर्थवान होतो, हा अनुभव पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्यांना परका नाही. शब्द जसेच्या तसे राहिले म्हणूनच नंतर येणाऱ्या अर्थाला टेकण्यास जागा मिळते. उलट केवळ सारांश लक्षात ठेवणाऱ्याने त्या वेळी जेवढे समजले तेवढेच जवळ ठेवलेले असते. पुढे अधिक समजण्याची सोय त्याच्याकडे नसते. परीक्षेपुरते केलेले पाठांतर या दोन्हींत बसत नाही. ते दीर्घकाळाच्या वेशातील अल्पकालिक धारण असते. मोलायसनच्या ५८४ सारखे, विषय बदलला की संपणारे.

शिवाय हीच परंपरा केवळ मुखावर विसंबून राहिली नाही. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचे निरूपण करतो, आणि शंकर श्रीकृष्ण देवांनी धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारा या संप्रदायाच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह उभा केला. लेखन आणि पाठांतर यांना प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही. लेखन शब्द राखते, पाठांतर शब्दांना माणूस मिळवून देते.

५

आता दायित्वाचा प्रश्न. विसरणे हा दोष मानावा काय? महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणून त्याला विसरावयास लावले. नायकाची प्रतिमा वाचवण्यासाठी केलेली सोय, असे या बदलाचे स्पष्टीकरण दिले जाते. पण पाचव्या अंकाच्या आरंभी कालिदासाने त्या सोयीलाच तडा दिला आहे. हंसपदिकेचे गीत ऐकून राजा बेचैन होतो. कशामुळे, हे त्याला कळत नाही. स्मृती नाही, पण संस्कार आहे. अभिनवगुप्ताने हेच स्थळ पुढे करून, ही तार्किकांना परिचित असलेली स्मृती नव्हे, असे म्हटले आहे. रसास्वादात जागी होणारी वासना याच जातीची. आरशात पाहून रेखाटन करण्याचे कौशल्य मोलायसनच्या हातात तीन दिवसांत आले, पण आपण ते कधी केले होते हे त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा वैद्यकालाही हेच दिसले, की न आठवणाऱ्यातही घडलेले काही उरते.

म्हणून दुष्यंताचा दोष विसरण्यात नाही. आपल्या अस्वस्थतेचा त्याने शोध घेतला नाही, समोर उभ्या असलेल्या गर्भवती स्त्रीच्या साक्षीपेक्षा स्वतःच्या स्मृतीला अधिक प्रमाण मानले, यात आहे. ज्या स्मृतीला नैयायिक प्रमा म्हणावयास तयार नाहीत, तिच्या केवळ अभावावरून त्याने एका माणसाचा निवाडा केला. त्याला पुराव्यादाखल हवी होती मुद्रिका. आणि ती धीवराच्या हाती लागेपर्यंत न्याय थांबून राहिला.

मुद्रिका म्हणजे उद्बोधक. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृतीच्या निमित्तांची विसाहून अधिक नावांची यादी आहे. अभ्यास, सादृश्य, आनंतर्य, वियोग, विरोध, सुख, दुःख, भय ही त्यांपैकी काही. त्यांतील बरीच माणसाच्या डोक्याबाहेरची आहेत. येथेच दोन स्मृतींमधील नैतिक भेद स्पष्ट होतो. अल्पकालिक धारण एकट्याने करता येते. ती प्रयत्नाची बाब आहे. दीर्घकालिक स्मरण एकट्याने पुरे होत नाही. त्याला जागा, वस्तू, दिवस, सूर आणि दुसरी माणसे लागतात. आविशाय मार्गालीत यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात सामायिक स्मृतीला श्रमविभागणी लागते असे म्हटले, ते याच अर्थाने.

'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण स्मृतीचे हे शास्त्र एका वाक्यात सांगते. पिठाची गिरणी गावोगावी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. गिरणीने बायकांच्या अंगावरचे कष्ट कमी केले, हे निःसंशय चांगले झाले. पण त्याबरोबर ओव्यांचा उद्बोधकही गेला. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या नसत्या तर त्यांपैकी बहुतेक, गाणाऱ्या स्त्रियांचा काहीही अपराध नसताना, त्यांच्याबरोबरच संपल्या असत्या. 'नव्या पिढीला काही आठवत नाही' हा आरोप करणाऱ्यांनी म्हणून आधी पाहावयास हवे ते हे, की आठवण जागी करणारे सारे काही कोणी हलवले. शंभर दूरध्वनी क्रमांक आज यंत्राच्या हवाली झाले आहेत. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण क्रमांक धरून ठेवावयाचे असतात, आपलेसे करावयाचे नसतात. दुःख करावे ते यंत्राजवळ ठेवलेले पुन्हा माणसाला सांगण्याचे प्रसंग कमी होतात तेव्हा.

वचन ही दीर्घकालिक स्मृतीची सर्वांत कठीण कसोटी. मोलायसनला वचन देता येत नव्हते असे नाही. ते पाळण्यास लागणारा उद्याचा माणूस त्याच्यात तयार होत नव्हता. इतरांमध्ये तो तयार होतो, पण तो कालचाच माणूस नसतो. संस्काराने बदललेला असतो. तरीही तो कालच्या शब्दाला बांधील राहतो. स्मरणाची नैतिकता हुबेहूबपणात नाही ती याच कारणाने: बदललेल्या माणसाने न बदललेल्या शब्दाची जबाबदारी घेणे, एवढीच ती आहे. ज्याच्या ओठांवर अकरा मारुतींची यादी आहे त्याला उंब्रज आठवते काय, या प्रश्नाचे उत्तरही येथे मिळते. त्याला उंब्रज आठवत नसेल. पण उंब्रजचे नाव जेथे आहे तेथे ते राहू देण्याचे दायित्व त्याने उचललेले आहे, आणि ते नाव ऐकून कोणी 'ते कुठे आहे?' असे विचारले तर सांगावयास काहीतरी त्याच्याजवळ शिल्लक आहे. विचारणारा कोणीच उरला नाही, तर तो दोष त्याच्या एकट्याच्या स्मृतीवर ढकलता येणार नाही.